आहे की नाही? डेटाबेसला विचारायचा सर्वांत साधा प्रश्न

नवं खातं उघडताना आपण हवं ते नाव टाइप करतो आणि पुढच्या रकान्यात जायच्या आत खाली लाल अक्षरांत येतं, 'हे नाव आधीच घेतलेलं आहे.' त्या क्षणी पडद्यामागे कुठल्यातरी डेटाबेसला एकच प्रश्न विचारला गेलेला असतो. या नावाची नोंद आहे का? ती कोणाची आहे, केव्हाची आहे, अशा किती आहेत, यातलं काही विचारलेलं नसतं. फक्त आहे की नाही.

एवढ्या साध्या प्रश्नावर लेख कशाला, असं वाटेल. पण डेटाबेसशी रोज काम करणाऱ्यांचे सर्वांत चिवट घोळ याच प्रश्नाभोवती होतात, आणि वाईट गोष्ट अशी की यंत्र चूक दाखवत नाही. उत्तर येतं, नीटनेटकं येतं आणि चुकीचं असतं. आता साध्या भाषेत विचारलं की क्वेरी लिहून देणारी एआय साधनं हाताशी आली आहेत. आयुष्यात कधी क्वेरी न लिहिलेली माणसंही तिच्या उत्तरावर निर्णय घेऊ लागली आहेत. त्यामुळे हा विषय आता फक्त प्रोग्रामर मंडळींचा राहिलेला नाही.

आधी थोडी ओळख

डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत ठेवलेली असते. टेबलात आडव्या ओळी आणि उभे रकाने. एक ओळ म्हणजे एक नोंद. या माहितीला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी, आणि ती लिहायची भाषा म्हणजे एसक्यूएल. एका क्वेरीच्या पोटात दुसरी क्वेरी लिहिली, तर त्या आतल्या क्वेरीला सबक्वेरी म्हणतात.

माहिती अशी टेबलांत मांडायची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडली. त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी भाषा तयार केली. कॉड गणिती होते आणि त्यांची सगळी मांडणी तर्कशास्त्रावर उभी आहे. त्या तर्कशास्त्रात दोन विधानं पायाभूत आहेत: 'असा एक तरी आहे' आणि 'सगळेच असे आहेत'. यातलं पहिलं विधान एसक्यूएलमध्ये जसंच्या तसं आलं. त्याचं नाव एक्झिस्ट्स. दुसरं मात्र आलं नाही. त्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते पुढे येईलच.

एक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. दोन टेबलं आहेत. 'सभासद' टेबलात प्रत्येक सभासदाची एक ओळ, आणि 'देवघेव' टेबलात प्रत्येक वेळी नेलेल्या पुस्तकाची एक ओळ, सोबत नेणाऱ्याचा सभासद क्रमांक. आता प्रश्न असा: ज्यांनी एक तरी पुस्तक नेलंय असे सभासद कोण? क्वेरी साधारण अशी लिहितात (प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत असतात, इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत; सिलेक्ट म्हणजे काय दाखवायचं, फ्रॉम म्हणजे कुठल्या टेबलातून, व्हेअर म्हणजे कुठल्या अटीवर, आणि 'स', 'द' ही टेबलांची लहान नावं):

    सिलेक्ट स.नाव
    फ्रॉम सभासद स
    व्हेअर एक्झिस्ट्स (
        सिलेक्ट १
        फ्रॉम देवघेव द
        व्हेअर द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
    )

कंसातली सबक्वेरी नीट पाहा. तिच्या शेवटच्या ओळीत 'द' हे देवघेव टेबल आहे, पण 'स' बाहेरचं आहे. म्हणजे आतली क्वेरी बाहेरच्या ओळीकडे बोट दाखवून विचारते, 'हा जो सभासद आत्ता समोर आहे, त्याची इथे एखादी नोंद आहे का?' सापडली तर सभासद यादीत, नाही सापडली तर बाहेर. या एका ओळीवर सगळी क्वेरी उभी असते. ती लिहायची राहिली, तर प्रश्न उरतो 'देवघेव टेबलात काही तरी आहे का?' टेबलात एक नोंद असली तरी उत्तर होकारार्थी, आणि मग एकही पुस्तक न नेलेले सभासदही यादीत येऊन बसतात.

आत 'सिलेक्ट १' का? कारण आतून काय बाहेर येतंय याच्याशी एक्झिस्ट्सला देणंघेणं नसतं. ओळ मिळाली की नाही, एवढंच ते बघतं. तिथे एक लिहा, सगळे रकाने मागा, काहीही लिहा. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये तर तिथे १ भागिले शून्य लिहिलं तरी क्वेरी बिनतक्रार चालते, कारण तो भागाकार कधी केलाच जात नाही. 'सगळे रकाने मागितले तर क्वेरी हळू होईल' ही भीती बरेच जण बाळगून असतात. ती सोडून द्यायला हरकत नाही.

मग सरळ मोजूनच का नाही बघायचं?

पहिला आक्षेप हाच येतो. देवघेवीतल्या नोंदी काउंटने मोजायच्या, आकडा शून्याहून मोठा आला तर नोंद आहे. उत्तर बरोबरच येतं, मग बिघडलं कुठे?

खोलीत कोणी आहे का, एवढंच कळायला हवं असेल तर आपण दार किलकिलं करतो, एक माणूस दिसला की दार ओढून घेतो. आत जाऊन डोकी मोजत नाही. एक्झिस्ट्स तसंच पहिली जुळणारी ओळ सापडताच थांबू शकतं. काउंटला शेवटपर्यंत जावं लागतं, कारण त्याला आकडा सांगायचाय. काही डेटाबेस आपला हेतू ओळखून मोजणीचं रूपांतर स्वतःच शोधात करतात, पण त्यावर विसंबून का राहायचं? विचारायचंय तेच विचारावं. क्वेरी वाचणाऱ्या पुढच्या माणसालाही मग कळतं की आकड्याची गरज नव्हती.

मात्र उत्तर 'नाही' असेल तेव्हा लवकर थांबण्याचा फायदा मिळत नाही. खोली रिकामी आहे हे सांगायला कोपरान् कोपरा बघावाच लागतो. तिथे इंडेक्स कामी येतो, म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. सूचीत शब्द नसला की सगळी पानं न उलटता नकार देता येतो. खात्याचं नाव टाइप करताच उत्तर येतं ते मुख्यतः या सूचीमुळे. एक्झिस्ट्सची कामगिरी कौतुकाची खरी, पण सभासद क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स नसेल तर त्याचेही हात बांधलेले असतात.

मोजणीची सवय लागलेल्यांच्या हातून आणखी एक चूक होते. ते एक्झिस्ट्सच्या कंसातच काउंट लिहितात. काउंटला गटवारी सांगितली नसेल तर ते नेहमी एक ओळ देतंच, नोंदी शून्य असल्या तरी. त्या ओळीत '०' असा आकडा असतो, पण ओळ असते! एक्झिस्ट्स फक्त ओळ बघतं, त्यामुळे त्याचं उत्तर कायम होकारार्थी. अशी अट कधी खोटी ठरतच नाही.

दोन टेबलं जोडली की काम होत नाही का?

टेबलं जोडण्याला जॉइन म्हणतात. सभासद आणि देवघेव जोडले की पुस्तक नेलेलेच सभासद उरतात, हे खरं. पण एकाने ४० पुस्तकं नेली असतील, दुसऱ्याने ११ आणि तिसऱ्याने १, तर जोडलेल्या निकालात ५२ ओळी येतात. सभासद तीनच आहेत. पहिल्याचं नाव ४० वेळा.

मग त्यावर डिस्टिंक्ट हा शब्द लावून दुहेरी नावं काढून टाकायची पद्धत आहे. ५२ ओळी तयार करायच्या आणि ४९ फेकून द्यायच्या. त्यात दोन सभासदांची नावं नेमकी सारखी निघाली तर डिस्टिंक्ट त्यांनाही एकच समजतं आणि एक माणूस यादीतून गायब होतो. माझ्या मते क्वेरीत विनाकारण डोकावणारा डिस्टिंक्ट हे बहुतेक वेळा प्रश्न चुकीचा विचारल्याचं लक्षण असतं. देवघेव टेबलातलं काही दाखवायचं असेल, पुस्तकाचं नाव किंवा तारीख, तर जॉइन हवंच. पण दुसऱ्या टेबलाकडे फक्त खात्री करून घ्यायला जायचं असेल, तर एक्झिस्ट्स.

प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी पुन्हा चालवायची, म्हणजे हळू नाही का?

लिहिलेलं तसंच वाचलं तर हो. लाख सभासद असतील तर लाख वेळा आत जाऊन बघायचं. एके काळी ही भीती बऱ्याच अंशी खरी होती, आणि म्हणूनच जुने लोक 'सबक्वेरी टाळा' असं सांगायचे.

पण एसक्यूएलमध्ये आपण काय हवंय ते सांगतो, ते कसं शोधायचं हे डेटाबेस ठरवतो. आपली एक्झिस्ट्स क्वेरी पाहून तो अनेकदा दोन्ही टेबलं एकाच फेरीत पडताळून घेतो. या पद्धतीला सेमी-जॉइन म्हणतात: जोडणी होते, पण पहिल्या टेबलातल्या ओळींच्या पुनरावृत्त्या होत नाहीत. 'नाही' विचारणाऱ्या क्वेरीसाठी त्याचीच उलट बाजू म्हणजे अँटी-जॉइन. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये या दोन्ही पद्धती २००९ च्या ८.४ आवृत्तीत आल्या. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने एक्झिस्ट्सला सेमी-जॉइनचा लाभ दिला तो २०१९ मध्ये, ८.०.१६ या आवृत्तीत. म्हणजे जुना सल्ला त्या काळी चुकीचा नव्हता. आज तो डोळे मिटून पाळायचं कारण मात्र उरलेलं नाही.

'नाही' विचारताना पाय कुठे घसरतो

इथे जरा थांबावं लागेल, कारण सर्वाधिक नुकसान इथे होतं.

'आहे का' विचारायची आणखी एक रीत आहे, इन. देवघेवीतल्या सभासद क्रमांकांची यादी करायची आणि आपला क्रमांक त्या यादीत आहे का, ते बघायचं. होकारासाठी इन आणि एक्झिस्ट्स सारखेच चालतात. म्हणून माणसाला वाटतं की नकारासाठी नॉट इन आणि नॉट एक्झिस्ट्सही सारखेच असणार. तसं नाही.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका वाचनालयासाठी अहवाल काढत होते: एकदाही पुस्तक न नेलेले सभासद. त्यांना पत्रं पाठवायची होती. मी नॉट इन वापरून क्वेरी लिहिली. उत्तर आलं, शून्य ओळी. बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलले. प्रत्येक सभासद पुस्तकं नेतोय, याहून चांगली बातमी काय असणार! मला मात्र ते पटेना. आदल्याच दिवशी नाव नोंदवलेल्या सभासदाचा क्रमांक मला आठवत होता. मी तो देवघेवीत शोधला. एकही ओळ नाही. म्हणजे तो एक तरी यादीत यायलाच हवा होता. मग देवघेव टेबल उलगडून पाहिलं, तर हजारो ओळींमध्ये एका ओळीत सभासद क्रमांकाचा रकाना कोरा होता. सभासद नसलेल्या कुणाला तरी तिथेच बसून वाचायला पुस्तक दिलं होतं, आणि क्रमांक नसल्यामुळे जागा रिकामी सोडली होती. त्या एका कोऱ्या जागेने सगळी यादी पुसून टाकली होती.

कोऱ्या जागेला डेटाबेसमध्ये नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. आणि एसक्यूएलचं तर्कशास्त्र त्यामुळे दोन उत्तरांवर भागत नाही, तिथे तीन उत्तरं असतात: खरं, खोटं आणि अज्ञात.

दारावर पाहुण्यांची यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. यादीतल्या एका नावावर पाणी सांडून ते पुसट झालंय. तुम्ही त्याला म्हणता, 'माझं नाव यादीत नाही, हे लिहून द्या.' तो यादी चाळतो. वाचता येणाऱ्या नावांत तुमचं नाव नाही. पण ते पुसलेलं नाव तुमचं असेल तर? तो प्रामाणिक असेल तर लिहून देणार नाही. पुढच्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. ज्याचं नाव स्पष्ट दिसतंय त्याला तो सांगेल, 'तुमचं आहे.' बाकी सगळ्यांना, 'सांगता येत नाही.' नॉट इन नेमकं असंच वागतं, आणि व्हेअर फक्त 'खरं' ठरलेल्या ओळीच पुढे सोडतं. म्हणून निकाल रिकामा.

नॉट एक्झिस्ट्स वेगळा प्रश्न विचारतं: 'माझ्या नावाशी जुळणारी ओळ तुला सापडली का?' पुसट ओळ जुळत नाही, म्हणून ती सापडलेल्यांत धरली जात नाही. ओळ सापडली किंवा नाही सापडली, मधलं काही नाही. एक्झिस्ट्स कधीच 'अज्ञात' म्हणत नाही. नकार विचारायचा तर नॉट एक्झिस्ट्स, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते आहे.

तरीही एक गोष्ट मनात ठेवावी. नॉट एक्झिस्ट्सचं 'नाही' म्हणजे 'नोंदीत सापडलं नाही'. 'घडलंच नाही' असा त्याचा अर्थ नव्हे. ती कोरी ओळ खरोखर एखाद्या सभासदाची असेल आणि क्रमांक लिहायचा राहून गेला असेल, तर त्यालाही 'तुम्ही कधी पुस्तक नेलं नाही' असं पत्र जाईल. हा दोष क्वेरीत नाही, नोंदीत आहे. सभासद क्रमांकाशिवाय नोंद व्हायला नको असेल तर तो रकाना कोरा सोडताच येणार नाही अशी अट टेबलावरच घालता येते.

नावाच्या घोटाळ्याने गेलेलं टेबल

दुसरा सापळा याहून भयंकर आहे. रद्द झालेल्या सभासदांची एक यादी 'रद्द_यादी' नावाच्या टेबलात आहे आणि त्यांना मुख्य टेबलातून काढायचंय. कोणीतरी लिहितं:

    डिलीट फ्रॉम सभासद
    व्हेअर सभासद_क्र इन (
        सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम रद्द_यादी
    )

पण 'रद्द_यादी' टेबलात त्या रकान्याचं नाव 'सभासद_क्र' नाहीच, नुसतं 'क्रमांक' आहे. वाटतं, डेटाबेस चूक दाखवेल. तो दाखवत नाही. आत हे नाव सापडलं नाही म्हणून तो बाहेरच्या टेबलात बघतो, तिथे ते सापडतं, आणि प्रत्येक सभासदाचा क्रमांक त्याच्या स्वतःशीच ताडून पाहिला जातो. तो जुळणारच! रद्द यादीत एक जरी ओळ असली तरी सगळं सभासद टेबल रिकामं होतं.

आतली क्वेरी एकटी चालवली असती तर चूक लगेच दिसली असती. कंसात गेल्यावर ती कायदेशीर होते, कारण सबक्वेरीला बाहेरची नावं दिसतात, आणि याच सोयीवर तर एक्झिस्ट्स उभं आहे. म्हणून आत प्रत्येक रकान्यापुढे टेबलाचं लहान नाव लिहावं. 'र.सभासद_क्र' असं लिहिलं असतं तर डेटाबेसने तिथेच अडवलं असतं. आणि काही पुसण्याआधी तीच अट सिलेक्टला लावून किती ओळी येतात ते बघून घ्यावं. एआयने लिहिलेल्या क्वेरीलाही हेच लागू. एआयने रकान्याचं नाव अंदाजाने टाकलं असेल, तर कंसाच्या आत ती चूक खपून जाऊ शकते.

'सगळे' कसं विचारायचं?

सुरुवातीला म्हटलं होतं की 'सगळेच असे आहेत' हे विधान एसक्यूएलमध्ये सरळ आलेलं नाही. एखाद्या मालिकेचे सगळे भाग वाचलेले सभासद शोधायचे आहेत, समजा. असं थेट विचारता येत नाही, म्हणून वाक्य उलटं करायचं: मालिकेतला असा एकही भाग नाही, जो या सभासदाने नेलेला नाही. म्हणजे नॉट एक्झिस्ट्सच्या आत आणखी एक नॉट एक्झिस्ट्स. पहिल्यांदा वाचताना डोकं गरगरतं, पण वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं की पटतं. आपणही 'सगळी दारं लावली का?' याची खात्री करताना उघडं राहिलेलं एखादं दारच शोधत फिरतो.

यातही एक कोपरा अंधारा आहे. मालिकेचा एकही भाग टेबलात नोंदवलेला नसेल, तर न वाचलेला भाग कोणाचाच सापडणार नाही, आणि सगळे सभासद 'सर्व भाग वाचलेले' ठरतील. तर्काला धरून ते बरोबर आहे. अहवालात मात्र ते कोणालाच नको असतं, म्हणून 'मालिकेचा एक तरी भाग आहे' अशी वेगळी अट जोडावी लागते.

आहे म्हटलं, तेव्हा होतं. आत्ता?

आता त्या लाल अक्षरांकडे परत येऊ. कधी उलटंही घडतं. 'हे नाव उपलब्ध आहे' असं हिरव्या अक्षरांत दिसतं, आपण उरलेली माहिती भरतो, बटण दाबतो आणि उत्तर येतं की नाव घेतलेलं आहे. अनेकांना ही फसवणूक वाटते. खरं तर दोघांनी एकाच सुमारास तेच नाव विचारलेलं असतं. दोघांच्याही एक्झिस्ट्सला तेव्हा 'नाही' हेच खरं उत्तर मिळतं, कारण नोंद कोणाचीच झालेली नसते. त्यातला एक जण आधी बटण दाबतो.

आधी विचारायचं आणि मग लिहायचं, या दोन पावलांच्या मध्ये फट असते आणि ती कितीही लहान केली तरी उरतेच. फक्त एक्झिस्ट्सच्या भरवशावर बांधलेल्या यंत्रणेत त्या फटीतून एकाच नावाची दोन खाती तयार होतात. म्हणून त्या रकान्यावर 'एक मूल्य एकदाच' असा निर्बंध घालतात, त्याला युनिक कन्स्ट्रेंट म्हणतात. मग दुसरी नोंद लिहितानाच डेटाबेस नकार देतो. टाइप करताना दिसणारी हिरवी अक्षरं ही आपल्या सोयीसाठी विचारलेली चौकशी असते. नाव खरोखर कोणाचं, ते बटण दाबल्यावर हा निर्बंध ठरवतो.